समोशाचा फलक आणि फूटपाथचे गट्टू

रविवारी नागपूरच्या सेमिनरी हिल्स टेकडीवर फिरून झालं की आमची पावलं न सांगता पोह्यांच्या ठेल्याकडे वळतात. आम्ही म्हणजे चौघी. एकीचा गुडघा बदललेला, एकीला थायरॉईड, एकीला अजून काही नाही म्हणून तिचा आम्हाला थोडा रागच येतो, आणि मी साखरेच्या उंबरठ्यावर. रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ६.२ आला आहे. आत पाऊल पडलेलं नाही, पण दार उघडंच आहे. ठेलेवाला ताटलीत पोहे घालतो, वरून काळ्या हरभऱ्याची लालभडक तर्री सोडतो, मग कांदा, चिवडा, लिंबाची फोड. दर वेळी विचारतो, "तर्री अजून टाकू का जी?" आणि दर वेळी आम्ही हो म्हणतो. मनगटावरचं घड्याळ तेव्हा साडेसहा हजार पावलं दाखवत असतं. चाललो ते इथंच गेलं, असं एकजण हमखास म्हणते. हसतो सगळ्याच, पण त्या हसण्यात जराशी चोरी असते. मला बोलायचंय ते त्या चोरीबद्दल.

२०२५ च्या जुलैत आमचं नागपूर अचानक देशभर गाजलं, ते समोशामुळे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जूनमध्ये सरकारी कचेऱ्यांना कळवलं होतं की तेल आणि साखर किती पोटात जाते ते दाखवणारे फलक लावा. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार, समोसा, जिलबी, वडापाव यांत किती तेल आणि किती साखर ते लोकांना दिसणार, अशी बातमी आली. दोन दिवसांत त्या बातमीचं 'समोशावर सिगारेटसारखा इशारा' असं होऊन बसलं. मग मंत्रालयाला खुलासा करावा लागला की विक्रेत्यांच्या पदार्थांवर कुठलाही इशारा छापायचा नाही, भारतीय पदार्थांनाच वेगळं काढलेलं नाही, हा फक्त आठवण करून देणारा सल्ला आहे. तोवर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले होते. एक म्हणे, लावाच फलक, लोकांना अक्कल नाही. दुसरा म्हणे, पिझ्झ्याला कोणी बोलत नाही, आमच्याच समोशावर का डोळा?

मला दोन्ही तट पटले नाहीत. समोशाची जात देशी की परदेशी, हा वादच फुकाचा. मैद्याला देशाभिमान नसतो. आणि 'लोकांना अक्कल नाही' हे म्हणणारे सर रोज सव्वाअकराला कँटीनमधून आलूबोंडा मागवतात, तो कशात तळतात ते त्यांना चांगलं माहीत आहे. आपल्याकडे अज्ञान आता फारसं उरलेलं नाही. साखर वाईट, तळलेलं वाईट, चालणं चांगलं, हे आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंपासून सगळ्यांना पाठ आहे. मोबाईल उघडला की कोणीतरी पोट आत घेऊन हेच सांगत असतं.

फलक लावू नये असं मी म्हणत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि माझ्यासारखे उंबरठ्यावरचे आणखी साडेतेरा कोटींच्या घरात. एवढ्या लोकांचा प्रश्न असेल तर भिंतीवर एक फलक लावायला काय जातं? शिवाय न्यायाने बोलायचं तर त्या पत्रात फक्त फलक नव्हते. जेवणात पौष्टिक पदार्थ ठेवा, जिने वापरा, कामातून मधेच उठून हालचाल करा, हेही होतं. पण गाजला समोसाच. आपल्या देशात आरोग्याची चर्चा ताटापाशी सुरू होते आणि ताटापाशीच संपते. माणूस आणि त्याची ताटली, मधे कोणी नाही. खाल्लं तर तुझा दोष, नाही चाललास तर तुझा आळस. मधे एक अख्खं शहर असतं, त्याच्यावर फलक कोणी लावायचा?

आधी तेलाचंच घ्या. ठेल्यावरच्या समोशात तेल किती, हे फलक सांगेल. ते तेल कढईत कितव्यांदा तापलंय, हे नाही सांगणार. आणि शरीराला फरक पडतो तो या दुसऱ्या गोष्टीनेही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जी घातक द्रव्यं साठतात त्यांच्यावर २५ टक्क्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून घातली आहे. चांगला नियम आहे. पण काळ्या पडलेल्या तेलाकडे बघून खाणाऱ्याने काय करायचं? ते मोजायचं यंत्र पर्समध्ये घेऊन कोण फिरतं?

याच्या उलट ट्रान्स फॅटची गोष्ट बघा. वनस्पती तुपातलं हे हृदयाला वाईट असलेलं चरबीचं रूप. आपल्याकडे २०११ साली तेल-तुपात त्याची मर्यादा १० टक्के होती. ती ५ वर आली, २०२१ मध्ये ३ वर आणि २०२२ च्या जानेवारीपासून २ वर. बेकरीतली खारी, नानकटाई, लग्नातल्या बालूशाहीचं तूप, सगळ्यातून ती कमी होत गेली, आणि त्यासाठी तुम्ही-आम्ही एका सकाळी दात-ओठ खाऊन निश्चय केला होता का? बहुतेकांना हे घडलं हेही ठाऊक नाही. मनोनिग्रहाचा एक थेंब खर्च न करता आपलं थोडं भलं झालं. मला सरकारकडून हवं आहे ते हे. जिथे माझा हात पोचत नाही तिथे त्याचा पोचावा.

पाकिटांवर तरी तसं व्हावं, तर तिथे मात्र पावलं जड. चिप्स, बिस्किटं, शीतपेयं यांच्या पुढच्या बाजूला खाणाऱ्याला एका नजरेत कळेल असं लेबल असावं, अशी मागणी जुनी आहे. २०२२ मध्ये मसुदा आला, त्यात ताऱ्यांची कल्पना होती. म्हणजे साखरेने भरलेल्या डब्यालाही अर्धा का होईना, तारा मिळणारच. त्यावर हरकती आल्या, चर्चा झाली, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. जाहिरातीला ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या पाकिटाचा प्रश्न वर्षानुवर्षं समितीत, आणि रस्त्यावरच्या समोशाची बातमी दोन दिवसांत घरोघरी! देशी-विदेशीचा वाद घालणाऱ्यांनी घालावा, मला यात मोठ्या आणि लहान दुकानाचा भेद दिसतो.

आणि आमच्या विदर्भात तर आणखी एक गंमत आहे. गंमत कसली. समोशाच्या फलकावर वाद घालत होतो त्याच आठवड्यात शाळेसमोरच्या चौकातल्या पानठेल्यावर नेहमीसारखा खर्रा घोटला जात होता. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात घालून दोन तळव्यांमध्ये मळायचं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा कारखान्यातून येत नाही, चौकात जन्मतो, म्हणून तो कायद्याच्या बोटांतून निसटतो. तंबाखूच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले जवळजवळ चौथाई प्रौढ चघळायचा तंबाखू खात होते. दहावीच्या मुलाच्या दप्तरात मला पन्नी सापडली आहे, एकदा नव्हे. समोसा खाऊन कोणाचा जबडा उघडायचा बंद होत नाही. धोक्यांची रांग लावायचीच असेल तर निदान तिचा क्रम तरी नीट लावा.

आता चालण्याकडे येते. माझं खरं भांडण तिथे आहे.

रोज १० हजार पावलं चाला, हे आता वेदवाक्य झालंय. त्याचं मूळ वेदात नाही, जपानात आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ठेवलं 'दहा हजार पावलांचा मापक'. आकडा गोल होता, कानाला बरा वाटला, टिकला. जागतिक आरोग्य संघटना पावलं मोजत नाही, ती आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं. ऐकायला किती कमी! पण ही वीस मिनिटं काढायची कुठून आणि चालायचं कुठे, हे कोणी सांगत नाही.

मी एकदा मोजलं. आमच्या घराच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत माझी ४१२ पावलं होतात. त्यातली फूटपाथवर पडतात ती ६१. बाकीची सगळी रस्त्यावर, गाड्यांच्या अंगाला अंग घासत. फूटपाथ नाही असं नाही, आहे. त्याला गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, लावलेत, काही उचकटलेत. त्यावर तीन घरांनी आपापल्या गाड्या चढायला उतार बांधलेत, एकाने बाग केली आहे आणि तिला जाळीही लावली आहे, एक विजेची डीपी आहे, दोन चारचाक्या तर कायमच्या निजलेल्या. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा तो इतका वर आला की फूटपाथ खाली गेला आणि पावसाळ्यात त्याची नाली होते. गुडघा बदललेली माझी मैत्रीण म्हणते, डोंगर चढते मी, पण आपल्या गल्लीत नाही चालवत. म्हणून ती चालायला स्कूटरवर बसून सेमिनरी हिल्सला येते. चालण्यासाठी गाडी लागते, यातला विनोद आता आम्हाला जाणवेनासाही झालाय. ज्यांच्याकडे स्कूटर नाही, ते कुठे चालतात?

लोक लगेच म्हणतात, फेरीवाल्यांनी फूटपाथ खाल्ले. माझ्या ४१२ पावलांत एकच ठेला आहे, इस्त्रीवाल्याचा, आणि तो झाडाखाली बाजूला उभा असतो. बाकी सगळं आमच्यासारख्या, स्वतःला कायदा पाळणारे म्हणवणाऱ्या, कर भरणाऱ्या लोकांनी खाल्लंय. २०१४ चा पथविक्रेता कायदा ठेल्याला निदान जागा नेमून द्यायची भाषा तरी करतो. घरासमोरच्या फूटपाथवर फुलझाडं लावणाऱ्याला कोणता कायदा जागा नेमून देतो?

२०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पादचाऱ्याला वापरता येण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. समोशाच्या बातमीच्या दोनच महिने आधी. त्यावर स्टाफरूममध्ये तट पडले नाहीत. कोणी बोललंच नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर मेलेले पायी चालणारे ३२ हजारांहून जास्त होते, एकूण रस्तेबळींचा जवळजवळ पाचवा हिस्सा. आरोग्यासाठी चाला म्हणायचं आणि चालायला निघालेल्याला रस्त्यावर सोडायचं, याला काय म्हणावं? वर्धा रोडवर आमच्या शहराने मेट्रोचा दुमजली पूल बांधून जगातला विक्रम केला, त्याचा मलाही अभिमान आहे, पाहुणे आले की दाखवायला नेते. त्या पाहुण्यांना घेऊन पुलाखालून रस्ता ओलांडताना मात्र मी देवाचं नाव घेते.

जागा मिळाली तरी वेळ? २०२४ मध्ये लॅन्सेटच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि बायकांत ५७. हा आकडा वर्तमानपत्रात आला तेव्हा आमच्या घरी माझ्याकडे बघून मान हलवली गेली. मी तेव्हा कणीक मळत होते. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा दिवसाला त्यात २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ८८. फरक जवळजवळ साडेतीन तासांचा. हे काम थकवतं. पण ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटल्याने श्वास वाढत नाही, फक्त टाचा दुखतात. म्हणजे थकवा बाईचा, आणि 'हालचाल अपुरी' हा शिक्काही बाईचाच.

आम्ही चौघी रविवारीच का जातो, बाकी दिवस का नाही, याचं उत्तर एवढंच आहे. रोज सहाला डबे असतात. थंडीत उजाडायला पावणेसात होतात, अंधारात एकटीने जायचं तर मंगळसूत्र ओढणीखाली दडवून, नाहीतर खोटं घालून. उन्हाळ्यात लवकर उजाडतं, पण मे महिन्यात सात वाजताच अंग भाजायला लागतं. आमच्या यजमानांना यातलं काहीच आड येत नाही, ते रोज जातात, आणि त्यांचा आकडा ५.४ आहे. शिस्त लागते, असं ते म्हणतात. मी काही बोलत नाही, त्यांचा डबा भरते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई रोज पाच घरं करतात, वस्तीतून चालत येतात, चालत जातात. त्यांनाही साखर निघाली. सरकारी दवाखान्यात त्यांना सांगितलं, चालत जा. त्या मला म्हणाल्या, "आता आणखी कुठं चालू जी? दिवसभर चालतोच ना मी." मी त्यांना जलद चालणं आणि कामाचं चालणं यांतला फरक समजावायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. त्यांच्या दुपारच्या जेवणात काय असतं ते मला माहीत होतं. रेशनचा तांदूळ, आणि चहाबरोबर चार घरी मिळालेली बिस्किटं. त्यांतल्या एका घरची बिस्किटं माझी.

आणि मुलं. इथे मी दुसऱ्यांवर बोट दाखवू शकत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान हवं असं म्हटलंय, आमच्या शाळेला ते आहेही. पण फेब्रुवारी आला, अभ्यासक्रम राहिला, की खेळाचा तास मी मागून घेत आले. पीटीचे सर हसून देऊन टाकत. गणिताच्या तासाला खेळायला सोडा, असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तर मी दिला नसता. मुलांची चाळीस मिनिटं मी अशी किती वर्षं खाल्ली असतील. तेच विद्यार्थी आता तिशीत भेटतात, पोटं सुटलेली, आणि म्हणतात, मॅडम, जिम लावलीय. महिन्याचे पैसे भरून ते आता पट्ट्यावर पळतात.

मग पोह्यांचं काय? चैन सोडावी का? मी लहान असताना समोसा पाहुणे आले की घरात यायचा, कागदात गुंडाळलेला, तेलाचे डाग पडलेला. आठ समोसे, माणसं अकरा, आई मोडून वाटायची. तो पदार्थ बदललेला नाही. त्याचा वार बदललाय. पाहुण्यांचा होता तो सव्वाअकराचा झाला, कारण डब्याला वेळ नव्हता, कारण कँटीनमध्ये त्या पैशांत दुसरं काही मिळत नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, भाजलेले दाणे, ताक, एवढं जरी समोशाच्या शेजारी आणि समोशाच्या भावात मिळालं, तर फलकावरच्या आकड्याला काही अर्थ येईल. पर्याय नसताना हिशेब दाखवणं म्हणजे उपाशी माणसाला बिल दाखवणं. जिने वापरा म्हणतात, तर कित्येक कचेऱ्यांच्या जिन्यांत मोडक्या खुर्च्या आणि दोरीने बांधलेले गठ्ठे रचलेले असतात. आधी ते उचला.

रविवारच्या तर्रीचा मात्र मी हिशेब देणार नाही. तिथे बाकावर आमच्या शेजारी रात्रपाळी संपवून आलेला ऑटोवाला बसतो, स्पर्धा परीक्षेची पोरं उभ्या उभ्या खातात, एक निवृत्त साहेब दर वेळी तर्री कमी म्हणून सांगतात आणि मग अजून मागतात. आठवड्यातली ही एकच वेळ अशी आहे की मी कोणाचा डबा भरत नसते आणि कोणी मला वाढत असतं. ती ताटली घड्याळातल्या पावलांनी फेडायचं कर्ज आहे, असं मानायचं मी सोडून दिलंय. साखरेचा आकडा मी विसरलेले नाही. चहा बिनसाखरेचा झाला, रात्रीचा भात गेला, आणि खेळाचा तास आता मागत नाही. माझ्या हातातलं होतं ते मी केलं.

जे हातात नाही त्यासाठी, म्हणजे फूटपाथसाठी, गल्लीतल्या सात जणांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज दिला. सही न देणाऱ्यांत बागेचे मालक होते, ते म्हणाले, झाडं पर्यावरणासाठी आहेत. तीन महिने झाले. गेल्या आठवड्यात मी पुन्हा मोजलं. ४१२ पावलांतली फूटपाथवरची आता ५८ आहेत. केबलसाठी कोणीतरी खोदलं आणि गट्टू काढून बाजूला रचून ठेवलेत. छान रचलेत, ओळीत. संध्याकाळी त्यावर पोरं बसतात, खर्रा घोटत.